सोलापुरात रोजची सायकल: काटे, ऊन आणि सुताचे गुंते

सोलापूर हे सायकलला सोयीचं शहर आहे. रेल्वेवरचे पूल सोडले तर बहुतेक रस्ते सपाट आहेत, आणि शाळा, बाजार, नोकरी अशी रोजची बरीच कामं साताठ किलोमीटरच्या आत उरकतात. तासाला १२ ते १५ किलोमीटरच्या निवांत वेगानेही ५ किलोमीटरला २०-२५ मिनिटं पुरतात. तरी हौसेने घेतलेली सायकल दोन-तीन महिन्यांत जिन्याखाली जाऊन पडते. सारखं होणारं पंक्चर, चटका देणारी सीट, दुखणारे गुडघे आणि सामान ठेवायला नसलेली जागा, एवढ्याच तक्रारी त्यामागे असतात. या चारही गोष्टींवर उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे घरात पडलेल्या वस्तूंतून होतात.

सायकल कोणती घ्यावी

रोजच्या कामाला गिअर लागत नाहीत. स्वस्तातल्या सायकलीचं सस्पेन्शन तर टाळावंच. पायाचा जोर त्यात वाया जातो, वजन वाढतं आणि वर्षभरात ते खडखडायला लागतं. कॅरिअर, दोन्ही मडगार्ड, चेन कव्हर आणि भक्कम स्टँड या चार गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात.

जुनी काळी सायकल आजही उत्तम पर्याय आहे. तिचे भाग गल्लीतल्या दुकानात मिळतात, चेन झाकलेली असते आणि कॅरिअर ओझं पेलतं. तिचा दोष ब्रेकचा. सळईचे ब्रेक पावसात फार कमी पकडतात. सामान नेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पुरुष असला तरी, लेडीज सायकलीचा विचार करावा. कॅरिअरवर उंच ओझं असलं की मागून पाय टाकून बसता येत नाही; खाली वाकलेल्या दांडीवरून मात्र सहज चढता-उतरता येतं. साडी किंवा ओढणी असेल तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या.

जुनी सायकल घेताना आधी ती उचला आणि दोन्ही चाकं फिरवा. रिम ब्रेकच्या रबराजवळून जाताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होत असेल तर ‘आउट’, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घेता येतो. एखाद्या ठिकाणी रिम दबलेली किंवा चिरलेली असेल तर ती बदलावीच लागते. मग पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. हँडलखाली ‘खट’ असा आवाज आला तर तिथले बेअरिंगचे कप सैल आहेत. घट्ट करून भागतं. शेवटी क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, हाताने बाजूला हलवून पाहा. काळ्या सायकलीत क्रँक हलला तर त्याला धरून ठेवणारी खीळ, कॉटर पिन, सैल असते. ती नुसता नट आवळून घट्ट होत नाही. क्रँकला खालून टेका देऊन पिन हातोडीने आत ठोकायची आणि मग नट लावायचा. सैल पिनवर चालवत राहिलं तर आठवड्याभरात पिन झिजते आणि क्रँकचं भोकही खराब होतं.

टायर घेताना टायरच्या बाजूवर छापलेला पूर्ण आकडा वाचा. दुकानात सरसकट ‘सव्वीसचा’ म्हणतात, पण २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ हे वेगळे टायर आहेत. पहिल्याच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर, दुसऱ्याच्या ५५९. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

सीटची उंची

नवखा माणूस बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे धरतात. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना आपण चवडा ठेवतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. थांबताना एका पायाचे चवडे टेकले तरी पुरे. सवय नसेल तर आठवड्याला एक-दोन सेंटिमीटर अशी हळूहळू वाढवा. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते. ती बाहेर दिसू देऊ नका, नाहीतर नळी वाकते किंवा फ्रेम चिरते.

पंक्चर

सोलापुरात सायकल टिकते की सुटते हे इथे ठरतं. माळावर आणि रिकाम्या प्लॉटवर वेडी बाभूळ आहे, आणि पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडतात. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. म्हणून पहिला नियम: पायवाट, मोकळं मैदान, साइडपट्टीवरचं गवत टाळा आणि सायकल काटेरी कुंपणाला टेकवून लावू नका.

दुसरं म्हणजे हवा. पातळ टायरला ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि १.९५ च्या जाड टायरला ४० ते ५० पीएसआय साधारण चालते, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमला दाबून चिमटते आणि शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, दोष हवेचा आहे. उन्हात हवा वाढते म्हणून उन्हाळ्यात कमी भरावी, असं बरेच जण सांगतात. ४५ पीएसआय भरलेली ट्यूब २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापली तरी दाब ५३ च्या आसपास जातो; धड टायर तेवढ्याने फुटत नाही. उन्हाने खरं नुकसान होतं ते जुन्या पॅचचं. त्याखालचं सोल्युशन मऊ पडतं आणि पॅचची कड सुटते. म्हणून सायकल सावलीत लावायची.

चाक बसलेलं दिसलं की लगेच टायर उघडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींत वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड, रबरी नळीचा (वॉल ट्यूबचा) असतो. ते रबर उन्हाने कडक होऊन चिरतं आणि हवा तिथूनच जाते. हवा भरून वॉलच्या तोंडावर थोडं पाणी किंवा थुंकी लावा. बुडबुडा आला तर वरची चकती काढा, पिन ओढून बाहेर घ्या, जुनं रबर काढून साधारण ३ सेंटिमीटरचा नवा तुकडा ओला करून चढवा. पिनवरचं बारीक भोक त्याखाली पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. काही रुपयांच्या या रबराचा हातभर तुकडा पिशवीत कायम असू द्या.

खरंच पंक्चर असेल तर पिशवीत लागणाऱ्या वस्तू अशा: दोन टायर लिव्हर (टायरची कड उचकटायच्या पट्ट्या), पॅच, सोल्युशनची छोटी ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, छोटा पंप आणि चाकाच्या नटाचा पाना. पाना आपल्या सायकलीचा नट मोजूनच घ्या. पंक्चर काढायला मागचं चाक खोलायची गरज नसते. सायकल उलटी करा आणि चेनच्या विरुद्ध बाजूने टायरची एक कड बाहेर घ्या. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. तो ट्यूबला नवं भोक पाडतो.

ट्यूब थोडी फुगवून पाण्यात धरा. पाणी नसेल तर ती ओठांजवळून फिरवा, गार हवा कळते. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासून खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. सारा घोटाळा इथे होतो. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की तो सरकतो. थर बोटाला ओला लागेनासा झाला पाहिजे. थंडीत त्याला ५ मिनिटं लागतात, मे महिन्यात २-३ पुरतात. मग पॅच ठेवून मधून कडेकडे जोरात दाबा.

ट्यूब परत घालण्याआधी टायरची आतली बाजू पूर्ण चाचपा. बोट थेट फिरवू नका, फडकं फिरवा. ते ज्या जागी अडकेल तिथे काटा आहे. सराट्याचं टोक रबरात मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही, आणि तेच टोक दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर करतं. शोध सोपा व्हावा म्हणून टायर बसवताना कंपनीचं नाव नेहमी वॉलसमोर आणा. मग ट्यूबवरच्या भोकाचं वॉलपासूनचं अंतर मोजलं की टायरवरची जागा सापडते.

काट्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जुन्या ट्यूबचं अस्तर. त्याच मापाची टाकाऊ ट्यूब घ्या, वॉल कापून टाका, ट्यूब आतल्या कडेने उभी चिरून पट्टी करा आणि ती टायर व चांगल्या ट्यूबच्या मध्ये ठेवा. दोन टोकं ३-४ सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या आणि ती टोकं पॉलिश पेपरने घासून पातळ करा. जाड टोक ठेवलं तर तेच ट्यूबला घासून भोक पाडतं. आत थोडी टाल्कम पावडर टाका. सायकल जराशी जड चालते, पण सराट्याचे काटे बहुतेक वेळा अस्तरातच थांबतात. बाभळीच्या लांब काट्याला हे अस्तर पुरत नाही.

सूत

पूर्व भागातल्या गल्ल्यांतून आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून जाणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, आणि बाहेरगावच्या मेकॅनिकला ती पटकन सुचत नाही. यंत्रमागांतून निघालेलं टाकाऊ सूत रस्त्यावर येतं, टायरला चिकटतं आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, कडेला गुंडाळत जातं. बाहेरून काळं कडं दिसतं, माणसाला वाटतं घाण साचली. ते सूत कपाच्या आत शिरलं की वातीसारखं ग्रीस ओढून घेतं आणि छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, कोरडे पडतात. चाक फिरवल्यावर लवकर थांबू लागलं, हबमधून करकर ऐकू आली, की आधी हे तपासा.

महिन्यातून एकदा सायकल उलटी करून दोन्ही हबच्या चारही बाजू, फ्री व्हीलच्या (मागच्या दातेरी चक्राच्या) मागची फट आणि पेडलची मुळं पाहा. ब्लेडने गुंत्याला एक आडवी चीर द्या आणि आकडीच्या सुईने टोक ओढून काढा. काडी लावून सूत जाळायचा मोह होईल. तसं करू नका. ग्रीस आणि कपावरचं रबरी झाकण दोन्ही जळतात. आत सूत गेलेलं असेल तर हब खोलून छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरावं लागतं. हे काम सायकल दुकानात सांगा, आणि छर्रे खवले असतील तर सगळे एकदम बदला. एखाददुसरा नवा टाकला तर सगळा भार त्याच्यावर येतो.

चेनला खाद्यतेल घालू नका. ते चिकट होतं आणि धुळीचा लगदा करतं. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर साध्या मशिन ऑइलचा एकेक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढा. तेल आत लागतं; बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं.

ऊन

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४० च्या वर असतो. ११ ते ५ या वेळात नवख्याने सायकल काढू नये. बाकीच्या वेळेसाठी तीन साध्या गोष्टी करता येतात.

पहिली सीटची टोपी. काळ्या रेक्झिनची सीट उन्हात बसवत नाही. सोलापुरी टर्किश टॉवेलचा ४० × ४० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, चारही कडा २ सेंटिमीटर दुमडून नेफा शिवा, त्यात सव्वा मीटर नाडी ओवा आणि सीटवर चढवून खाली गाठ मारा. घाम शोषला जातो, चटका बसत नाही आणि आठवड्याला धुता येते.

दुसरी बाटली. छागल (पाण्याची कापडी पिशवी) मिळाली तर तीच हँडलला अडकवा. नाहीतर १ लिटरच्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवून भिजवा आणि जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी दांडीला बांधा. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं आणि बाटली गार राहते. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही.

तिसरी गळ्याभोवती ओला पंचा. जाड टॉवेल नको, तो जड होतो आणि हळू वाळतो. पंच्याचं एकही टोक मोकळं लोंबता कामा नये. संक्रांतीच्या सुमारास गळ्याभोवतीचा कोरडा पंचाही उपयोगी पडतो, कारण तेव्हा पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा आलेला असतो.

१ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी सोबत ठेवा. इथे चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ किंवा घाम अचानक थांबणं यातलं काहीही जाणवलं तर लगेच सावलीत थांबा, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

सामान

पाठीवर सॅक घेऊन उन्हात सायकल चालवणं ही शिक्षा आहे. ओझं सायकलीवर घाला, आणि शक्य तेवढं खाली घाला. कॅरिअरवर उंच रचलेलं १० किलो सामान दोन्ही बाजूंना लटकवलेल्या १५ किलोपेक्षा जास्त डगमगतं. साध्या कॅरिअरवर किती वजन चालतं ते बऱ्याचदा त्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं, बहुधा २५ किलो. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे जारसकट २० किलोच्या वर. तो झोपवून आणि दोन ठिकाणी आवळून बांधा.

दोन्ही बाजूंची पिशवी घरी अशी होते: तांदळाच्या २५ किलोच्या दोन विणलेल्या प्लास्टिक पिशव्या धुऊन वाळवा आणि ३५ सेंटिमीटर उंचीवर कापून कड दुमडा. तेलाच्या प्लास्टिक डब्याची बाजू कापून ३० × ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे करा आणि चाकाकडच्या बाजूला आत शिवा. हे कडक पाठबळ नसेल तर पिशवी फुगून थेट आऱ्यांत जाते. जुन्या सोलापुरी चादरीची चौपदरी पट्टी कॅरिअरच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, घेऊन दोन्ही पिशव्या तिला जोडा. घरच्या शिलाई मशिनवर हे जाड काम नीट होत नाही. चप्पल-बॅगा शिवणाऱ्यांकडून दुहेरी टाका मारून घ्या. पिशवीचा खालचा कोपरा ट्यूबच्या पट्टीने हबजवळच्या दांडीला बांधा. पेडल मारून पाहा, टाच पिशवीला लागत असेल तर ती मागे सरकवा. दोन्ही पिशव्यांच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवा.

प्लास्टिकचा क्रेट बसवणार असाल तर नायलॉनच्या केबल टायवर विसंबू नका. आपल्या उन्हात त्या ठिसूळ होऊन एका उन्हाळ्यात तुटतात. ट्यूबच्या पट्ट्या किंवा बांधकामाची तार वापरा, आणि तारेची टोकं आत वळवा.

रस्त्यावर

कडेला चिकटून चालवू नका. डाव्या कडेपासून हातभर अंतर ठेवा. तिथे काटे, वाळू आणि गटारांची झाकणं कमी असतात आणि मागच्या गाडीला तुम्ही दिसता. उभ्या रिक्षा-गाड्यांपासूनही दार उघडेल एवढं लांब राहा. सात रस्त्यासारख्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर गर्दीतून आडवं न शिरता चौक सरळ ओलांडा, थांबा, सायकल वळवा आणि पुन्हा सरळ जा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास उतरून सायकल हातात धरणंच बरं.

ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, शहराबाहेरच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आतल्या बाजूने कापत येते. त्यामुळे ट्रॅक्टर आणि रस्त्याची कड यांच्या मधल्या फटीत कधीही शिरू नका. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा हवाच. नुसता रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याचा दिवा चालू असेल तरच दिसतो.

पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा पकडतो. थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या, मग जोर लावा. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं. टायर आणि मडगार्डमध्ये निदान एक बोट फट ठेवा आणि बांबूची एक चपटी काडी दांडीला बांधून ठेवा.

जागा मागायची कशी

सायकल लावायला धड जागा नसेल तर लोक सायकल काढत नाहीत, आणि ही जागा मागितल्याशिवाय मिळत नाही. मागणी नेमकी असावी. ‘शहरात सायकल सुविधा द्या’ या अर्जाचं काही होत नाही. ‘अमुक भाजी मंडईच्या दारासमोर ५ उलट्या यू आकाराचे पाइप बसवा’ याला कोणीतरी उत्तर द्यावं लागतं. असा एक पाइप साधारण ८० सेंटिमीटर उंच असतो, त्याला दोन सायकली लागतात, आणि दोन पाइपांत ९० सेंटिमीटर अंतर पुरतं. एका मोटारीच्या जागेत सुमारे १० सायकली मावतात. अर्जात हे आकडे लिहा.

अर्ज देण्याआधी त्या जागी दोन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास उभं राहून येणाऱ्या सायकली मोजा. वेळ, आकडा आणि फोटो जोडा. अर्ज महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पोच नसलेला अर्ज नंतर सापडत नाही. सायकल मार्गाची मागणी असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ११’ या सायकल मार्गांच्या मानकाचा उल्लेख करा. अभियंत्याला ते माहीत असतं. अर्जावर मंडईतले विक्रेते, शाळेतले शिपाई, कामगार यांच्या सह्या घ्या. रोज सायकल वापरणारी माणसं तीच आहेत आणि त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

महिन्याभरात हालचाल झाली नाही तर पुढचा टप्पा लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी ऐकायचा दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. त्याच वेळी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दुसरा अर्ज द्या. त्यात ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कारण नोंदीत असलेलीच माहिती त्यांना द्यावी लागते. आवक क्रमांक लिहून ‘या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि सोबत पोच मिळालेल्या दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स जोडा.